पहिला लाकडी चॉपिंग बोर्ड: फळी निवडण्यापासून तेल पाजण्यापर्यंत

मी बनवलेला पहिला चॉपिंग बोर्ड चार महिन्यांत फाटला. लाकूड उत्तम होतं आणि पट्ट्यांमधले सांधे इतके घट्ट होते की नख शिरत नव्हतं. तरी एका टोकाकडून मधोमध तडा गेला आणि दोन आठवड्यांत तो हातभर लांबला. बोर्ड वाकू नये म्हणून मी त्याच्या पाठीवर दोन आडव्या पट्ट्या गोंद लावून, वर स्क्रू मारून बसवल्या होत्या. तो बोर्ड मी मजबूत करायला गेले आणि त्यानेच तो मोडला.

त्यानंतर बरेच बोर्ड केले, काही बिघडले, काही आजही रोज वापरात आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याला जे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं असं मला वाटतं, ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. हातात फारशी यंत्रं नाहीत आणि पूर्वी सुतारकाम केलेलं नाही, असं धरूनच लिहिलंय.

आधी लाकडाचा एक स्वभाव समजून घ्या, कारण पुढची जवळपास प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या बारीक नळ्यांची जुडी. हवा दमट झाली की लाकूड ओल शोषतं आणि फुगतं, हवा कोरडी झाली की आकसतं. हे फुगणं-आकसणं रुंदीत होतं, लांबीत जवळजवळ होतच नाही. ३० सेंमी रुंदीच्या मेपलच्या फळीतली ओल चार टक्क्यांनी बदलली, तर ती फळी रुंदीत सुमारे ४ मिमी बदलू शकते. सागवान त्याच्या निम्मंच हलतं. माझ्या बोर्डाची रुंदी आकसू पाहत होती आणि पाठीवरच्या आडव्या पट्ट्या लांबीत हलायला तयार नव्हत्या. मग मधलं लाकूड फाटलं. पॉलिश, तेल, मेण लावून हे हलणं मंदावतं, थांबत मात्र नाही. बोर्ड असा बनवायचा की त्याला हलायला मोकळीक राहील आणि तो सगळीकडून सारखा हलेल.

१. कोणत्या प्रकारचा बोर्ड करायचा ते ठरवा

बोर्ड तीन प्रकारचे असतात. फरक एवढाच, की सुरी लाकडाच्या कोणत्या अंगावर पडते.

पहिला, एका सपाट फळीचा. करायला सोपा, पण रुंद फळी वाटीसारखी वाकते आणि सुरीचे चरे लगेच दिसतात.

दुसरा, पट्ट्या कडेवर उभ्या करून जोडलेला. फळीच्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टी ९० अंशांत फिरवायची आणि एकमेकींना चिकटवायची. पहिल्या कामासाठी हाच करा. यात एक फायदा आहे जो सहसा कुणी सांगत नाही. साधी चिरलेली फळी रुंदीत जितकी हलते त्याच्या साधारण निम्मी, काही जातींत थोडी जास्त, जाडीत हलते, कारण वार्षिक वलयांच्या दिशेने लाकूड जास्त आणि त्यांना छेदून कमी हलतं. पट्टी फिरवली की फळीची जाडी ही बोर्डाची रुंदी होते. म्हणजे बोर्डाचं हलणं आपोआप निम्म्याच्या आसपास येतं.

तिसरा, उभ्या रेषेचा (रेषा म्हणजे लाकडाचे तंतू ज्या दिशेने जातात ती). यात झाडाच्या बुंध्याचा आडवा छेद वर येतो आणि सुरी तंतूंच्या मधून जाते, ते कापले कमी जातात. सुरीची धार टिकते, चरेही कमी पडतात. खाटकाचा ओंडका याच तत्त्वावर चालतो. दिसायलाही हाच सर्वांत देखणा. पण तो दोनदा चिकटवावा लागतो, सपाट करायला अवघड असतो, तेल खूप पितो आणि जाडी किमान ३५ ते ४० मिमी हवी. तिसऱ्या-चौथ्या खेपेला करा. एक धोका आत्ताच सांगून ठेवते: उभ्या रेषेचा बोर्ड जाडी काढायच्या प्लेनर यंत्रात कधीही घालू नका. पात्याने कडेचे तुकडे उडतात, कधी अख्खा बोर्ड फुटून अंगावर येतो.

२. लाकूड निवडा

लाकूड कठीण हवं आणि त्याची छिद्रं बारीक हवीत. अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाच्या, फूड कोडमध्येही चॉपिंग बोर्डासाठी हार्ड मेपल किंवा तितकंच कठीण, बारीक छिद्रांचं लाकूड चालतं असं म्हटलेलं आहे. मेपल आणि बीच ही या कामाची जुनी, खात्रीची लाकडं. अक्रोड आणि चेरी थोडी मऊ असतात, पण सुरीला सौम्य आणि रंगाला सुंदर. सागवान कमी हलतं आणि पाण्याला टिकतं, मात्र त्यात सिलिका असते. करवत, रंधा आणि पुढे स्वयंपाकघरातली सुरी, सगळ्यांची धार ते लवकर घालवतं. लाल ओकची छिद्रं इतकी मोकळी असतात की छोट्या तुकड्याच्या एका टोकातून फुंकर मारली तर दुसऱ्या टोकातून हवा येते. अशा लाकडात अन्नाचा रस झिरपतो, म्हणून ते नको. पाइनसारखी मऊ लाकडंही नकोत.

फळी हातात घेऊन काय पाहायचं? टोकाला तडे आहेत का, मोठ्या गाठी आहेत का. एका टोकाकडून डोळा लावून लांबवर पाहा, म्हणजे वाक आणि पीळ कळतो. मधला गर, म्हणजे झाडाचा अगदी केंद्रबिंदू, फळीत असेल तर ती घेऊ नका. तिथून तडा जाणारच.

फुकटच्या लाकडाचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. जुन्या दारा-खिडक्यांच्या लाकडावर शिसंयुक्त रंग असू शकतो. उघड्यावर वापरायच्या लाकडाला वाळवीपासून वाचवायला रसायनं पाजलेली असू शकतात. मालवाहतुकीच्या पॅलेटवर ‘एचटी’ शिक्का असेल तर ते फक्त तापवून निर्जंतुक केलेलं असतं, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूने. एमबीचं लाकूड हातही लावायच्या लायकीचं नाही. एचटीचंही मी बोर्डासाठी घेत नाही, कारण त्यावर प्रवासात काय सांडलंय हे कळायला मार्ग नाही. शिसवाच्या जातीची लाकडं दिसायला राजस, पण त्यांच्या भुशाने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतं आणि श्वास लागतो. कण्हेर आणि यू नावाचं सूचिपर्णी झाड, ही झाडंच विषारी. जात ओळखता येत नसेल तर ते लाकूड अन्नाजवळ आणू नका.

पहिल्या बोर्डासाठी १५ सेंमी रुंद, २५ मिमी जाड आणि दीड मीटर लांब अशी एक फळी पुरते. त्यातून साधारण ४५ सेंमी लांब आणि २६ सेंमी रुंद बोर्ड निघतो.

३. हत्यारं आणि सामान जमवा

हे सगळं विकतच घ्यायला हवं असं नाही. शिकंजे आणि रंधा मी पहिली दोन वर्षं मागून आणून वापरले.

- बारीक दात्यांची हातकरवत
- रंधा आणि त्याला धार लावायचा दगड
- गुण्या आणि धातूची सरळ पट्टी
- ४० सेंमी उघडणारे लांब शिकंजे, किमान चार
- साधारण ५० सेंमीचे चार जाड लाकडी दांडके आणि त्यांच्यावर गुंडाळायला रुंद चिकटपट्टी
- पाण्याला टिकणारा सुतारी गोंद
- गोंद पसरायला छोटा ब्रश किंवा जुनं प्लास्टिकचं कार्ड
- पोलादी खरवडणी, म्हणजे धार काढलेली पातळ पोलादी पट्टी
- ८०, १२०, १५० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर, घासताना धरायला लाकडी ठोकळा
- धुळीचा चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा
- खाण्यायोग्य दर्जाचं मिनरल ऑइल आणि मधमाश्यांचं मेण
- स्वयंपाकघरातला वजनकाटा

वजनकाटा कशाला, ते पुढच्याच पायरीत येतं.

४. लाकूड घरात मुरू द्या

दुकानातून किंवा वखारीतून आणलेलं लाकूड त्याच दिवशी कापू नका. तिथली हवा वेगळी, तुमच्या घरातली वेगळी. फळीचे ४६ सेंमीचे तीन तुकडे करून घ्या आणि ज्या खोलीत काम करणार तिथे ठेवा. तुकड्यांमध्ये बारीक काटक्या ठेवून रचा, म्हणजे सगळ्या बाजूंनी वारा लागेल. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका.

ओल मोजायचं यंत्र नसेल तर एका तुकड्यावर पेन्सिलीने त्याचं वजन आणि तारीख लिहा. तीन-चार दिवसांनी पुन्हा वजन करा. वजन बदलत असेल तर लाकूड अजून ओल सोडतंय किंवा घेतंय. लागोपाठ दोन-तीन वेळा तेच वजन आलं की ते तुमच्या घराच्या हवेशी जुळलं. भट्टीत सुकवलेल्या लाकडाला एक-दोन आठवडे पुरतात. ओलसर लाकूड आणलंत तर महिने लागतील, त्यापेक्षा ते घेऊच नका.

५. फळी रंधून पट्ट्या काढा

हे काम यंत्रावर करून घ्या. फळी विकणाऱ्याकडे किंवा जवळच्या सुताराकडे प्लेनर आणि टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली गोल करवत, असते. हाताने बारा लांब पट्ट्या सरळ चिरणं हे नवख्याचं काम नाही आणि त्यातून मिळणारं शिक्षणही फार नाही.

त्यांना नेमकं सांगा: आधी दोन्ही बाजू रंधून फळी सगळीकडे सारख्या जाडीची, साधारण २२ मिमीची करा. मग ३० मिमी रुंदीच्या पट्ट्या काढा. क्रम महत्त्वाचा आहे. पट्टी फिरवल्यावर फळीची ही रंधलेली बाजूच गोंद लावायची बाजू होते. ती यंत्राने सपाट झाली असेल तर सांधे जुळवायचं अर्धं काम तिथेच संपतं. ४६ सेंमीच्या तीन तुकड्यांतून प्रत्येकी चार, अशा बारा पट्ट्या निघतात.

कापायच्या आधी फळीवर तिरकी पेन्सिल ओढून मोठा त्रिकोण काढा. पट्ट्या सुट्या झाल्यावर कोणती कुठली आणि कुठलं टोक कुठे, हे त्या रेषांवरून कळतं.

६. पट्ट्या मांडा, कोरड्या जुळवा

पट्ट्या फिरवून टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि थोडा वेळ नुसतं बघा. रंग, रेषा, कुठली पट्टी कडेला शोभते, हे ठरवायची हीच वेळ. घाई करू नका, मला या पायरीला कधी कधी अख्खी संध्याकाळ लागते. फिकट आणि गडद लाकूड एकत्र घेणार असाल तर दोन्ही सारखीच कठीण आणि सारखीच हलणारी निवडा.

दिसण्यासोबत रेषेची दिशाही पाहा. मांजराच्या अंगावरून हात एका दिशेने फिरवला तर केस बसतात, उलट फिरवला तर उभे राहतात. लाकडाचंही तसंच. सगळ्या पट्ट्यांची रेषा एका दिशेला चढणारी ठेवली तर पुढे रंधा गुळगुळीत चालतो. एखादी उलटी बसली तर तिथे रंधा खळगे पाडतो आणि ते घासून काढता काढता बोर्ड पातळ होतो. प्रत्येक पट्टीवर बाण काढा.

आता गोंद न लावता शिकंजे आवळून पाहा. हलक्या हाताने आवळल्यावर सांधे मिटायला हवेत. फटीतून उजेड दिसत असेल तर जोराने आवळून ती बंद करायचा विचारही करू नका. ताणाने मिटवलेला सांधा गोंद सुकल्यावरही उघडायच्या बेतात राहतो, आणि एक दिवस उघडतो. ती बाजू रंध्याने किंवा सपाट काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासून नीट करा.

७. चिकटवा

गोंदाच्या बाटलीवर दोन गोष्टी वाचा. तो वॉटरप्रूफ आहे का, आणि सुकल्यावर अप्रत्यक्ष अन्नसंपर्काला चालतो असं कंपनी म्हणते का. टाइटबॉण्ड ३ या दोन्ही कसोट्यांना उतरतो, म्हणून बोर्ड बनवणारे तो खूप वापरतात. साधा पांढरा सुतारी गोंद पाण्याने हळूहळू मऊ होतो, त्याने जोडलेला बोर्ड काही महिन्यांत सुटतो. थंडीतही सांभाळा. १० अंश सेल्सिअसच्या खाली असा गोंद खडूसारखा भुकटा होऊन सुकतो आणि धरत नाही.

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, आणि त्याचं कारण वेळ. गोंद उघडा राहिला की साधारण दहा मिनिटांत त्यावर साय धरते. बारा पट्ट्या म्हणजे अकरा सांधे. एकट्याने दहा मिनिटांत अकरा सांध्यांना गोंद लावून, सरळ करून, शिकंजे आवळणं होत नाही. म्हणून सहा-सहाच्या दोन जोड्या वेगवेगळ्या चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी त्या दोन एकमेकींना जोडा. वेळ जास्त जातो, बोर्ड मात्र वाचतो.

चिकटवायच्या आधी जोडायच्या बाजूंवरून १५० नंबरचा पेपर हलकाच फिरवा. यंत्राने रंधलेलं लाकूड काही दिवसांत वरून मंद होतं, ताज्या बाजूला गोंद चांगला धरतो. सागवानासारखं तेलकट लाकूड असेल तर जोडायच्या बाजू ॲसिटोनने पुसा, तो उडून गेला की लगेच गोंद लावा. ॲसिटोन पेट घेतो, खिडकी उघडी ठेवा आणि जवळ ज्योत नको.

सांध्याच्या एका बाजूला पातळ, सलग थर द्या, कुठेही कोरडा ठिपका राहू नये. पट्ट्या जोडा, दोन हातांनी किंचित घासून बसवा. चिकटपट्टी गुंडाळलेले दांडके वर-खाली आडवे ठेवून हलके आवळा, म्हणजे पट्ट्या वर-खाली सरकणार नाहीत. मग लांब शिकंजे आवळा, एक बोर्डाच्या वरून, पुढचा खालून, असे आलटून पालटून. सगळे एकाच बाजूला लावले तर बोर्ड धनुष्यासारखा वाकतो. लोखंडी शिकंजा ओल्या गोंदाला लागला तर ओक आणि अक्रोडसारख्या लाकडांवर काळा डाग पडतो आणि तो खोल जातो. मध्ये कागद ठेवा.

किती आवळायचं? सांध्याभर गोंदाचे बारीक मणी बाहेर आले की पुरे. कुठे मणीच नसतील तर तिथे गोंद कमी पडलाय, सोडा आणि पुन्हा लावा. हे बाहेर आलेले मणी ओल्या फडक्याने पुसू नका. पातळ झालेला गोंद छिद्रांत शिरतो आणि तेल लावल्यावर तिथे पांढुरके डाग उमटतात. अर्ध्या-पाऊण तासाने गोंद रबरासारखा होतो, तेव्हा तो पटाशीने किंवा रंगाच्या पात्याने अलगद निघतो.

शिकंजे काही तासांनी काढले तरी २४ तास बोर्डावर कसलाही जोर लावू नका. त्यानंतरही शेवटचा हात फिरवायला चार-पाच दिवस थांबा. गोंदातल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. ते फुगलेलं असतानाच घासून सपाट केलं, तर सुकल्यावर प्रत्येक सांध्यावर बारीक घळ दिसते. मी हा धडा एका भेटवस्तूच्या बोर्डावर शिकले.

८. सपाट करा आणि मापात कापा

रंध्याला धार लावल्याशिवाय ही पायरी सुरू करू नका. आधी तिरका रंधा मारा, मग रेषेच्या दिशेने. पात्याने अगदी पातळ साल निघेल इतकंच ते बाहेर काढा. उलट्या रेषेच्या जागी रंधा थांबवून पोलादी खरवडणी वापरा.

बोर्ड सपाट झाला का ते दोन तऱ्हांनी पाहा. सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. मग एखाद्या खात्रीच्या सपाट दगडावर किंवा काचेवर ठेवून समोरासमोरचे कोपरे दाबा. डुगडुगला तर पीळ आहे.

दोन्ही बाजूंनी सारखंच लाकूड काढा. एकाच बाजूचं ३ मिमी काढलं तर आतली ओल आणि ताण असमान होऊन बोर्ड नव्याने वाकू शकतो. शेवटी २५ मिमीच्या आसपास जाडी राहिली की उत्तम.

टोकं गुण्याने आखून करवतीने कापा. करवत बाहेर पडते तिथे लाकूड उचकटतं, म्हणून रेघेवर चिकटपट्टी लावा आणि शेवटचे काही मिलिमीटर अगदी हळू कापा.

९. कडा आणि पकड

सगळ्या कडा ३ मिमीपर्यंत गोल करा. धारदार कड हाताला बोचते, शिवाय पडल्यावर तीच आधी फुटते. उचलायला खाच पाडण्यापेक्षा दोन्ही टोकांच्या खालच्या कडेला रंध्याने रुंद तिरका उतार द्या. बोटं खाली जातात, बोर्ड सहज उचलतो आणि दिसायलाही हलका वाटतो. रस वाहून जायला काठाने खोबण पाडायची इच्छा होईल. त्याला राउटर, म्हणजे खोबण कोरायचं यंत्र लागतं, आणि हात एकदा घसरला तर इतक्या मेहनतीवर कायमचा चरा राहतो. आधी टाकाऊ तुकड्यांवर हात बसवा.

पाठीवर आडव्या पट्ट्या, टोकांना आडवी फळी, हे काही नको. कारण वर सांगितलंच आहे.

१०. घासा, पाणी मारा, पुन्हा घासा

मास्क लावा. लाकडाचा भुसा निरुपद्रवी वाटतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवलं. काम झाल्यावर भुसा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या, म्हणजे तो हवेत उडत नाही.

रंध्याचं काम चांगलं झालं असेल तर १२० पासून सुरू करा, खड्डे असतील तरच ८०. बोर्डभर पेन्सिलीने नागमोडी रेघा मारा आणि त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासा, मग पुढचा नंबर. नंबर गाळून पुढे गेलात तर आधीच्या पेपरचे चरे तेल लावल्यावर उठून दिसतात. टोकांच्या बाजू जास्त वेळ मागतात. २२० च्या पुढे जायची गरज नाही, सुरीखाली तो गुळगुळीतपणा आठवडाभरही राहत नाही.

आता ओल्या फडक्याने बोर्ड सगळीकडून पुसा. सुकल्यावर हात फिरवून पाहा: तो खरखरीत झालेला असेल, कारण दबलेले तंतू पाण्याने उभे राहिले. २२० ने हलक्या हाताने तेवढेच काढा. हे दोन-तीनदा करा. ही पायरी गाळली तर पहिल्यांदा बोर्ड धुतल्यावर हेच घडतं आणि बनवणाऱ्याला वाटतं की लाकूडच वाईट होतं.

११. तेल पाजा

चॉपिंग बोर्डावर लाखेचं पॉलिश, वॉर्निश किंवा पॉलियुरेथेन लावू नका. सुरीने त्याचे पापुद्रे निघतात, ते अन्नात जातात आणि फाटलेल्या थराखाली पाणी साचतं. बोर्डाला आत मुरणारं काहीतरी हवं.

सर्वांत सोपं म्हणजे खाण्यायोग्य दर्जाचं मिनरल ऑइल. औषधांच्या दुकानात हेच लिक्विड पॅराफिन या नावाने, पोट साफ करायचं औषध म्हणून मिळतं. बाटलीत फक्त तेच असावं, वास, चव किंवा दुसरं औषध मिसळलेलं नको. यंत्राचं तेल किंवा बाळाच्या मालिशचं सुगंधी तेल चालत नाही. मिनरल ऑइल कधी सुकत नाही आणि खराबही होत नाही.

स्वयंपाकाची तेलं टाळा. शेंगदाणा, सूर्यफूल, ऑलिव्ह, कुठलंही घ्या, काही आठवड्यांत ते चिकट होतं आणि खवट वास मारतं. तो वास लाकडातून काढणं मला आजवर जमलेलं नाही.

पहिल्यांदा भरपूर तेल ओता आणि दोन्ही बाजू, चारही कडा भिजवा. टोकांच्या बाजू तेल अक्षरशः पितात, तिथे पुन्हा पुन्हा लावा. काही तास, जमल्यास रात्रभर ठेवून उरलेलं पुसा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन ते पाच वेळा केल्यावर लाकूड आणखी घेत नाही.

त्यावर मेणाचा हात. वजनाने चार भाग तेल, एक भाग मधमाश्यांचं मेण. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट आचेवर कधीही नको. थंड झाल्यावर लोण्यासारखं होतं. कापडाने चोळा, तासाभराने कोरड्या कापडाने झळाळी आणा.

शुद्ध टंग ऑइल (टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल) किंवा जवस तेलही लावतात. ही तेलं हवेत घट्ट होतात आणि पाण्याला जास्त टिकतात, पण प्रत्येक थराला दिवस आणि पूर्ण पक्कं व्हायला आठवडे लागतात. ‘बॉइल्ड’ जवस तेलात लवकर सुकण्यासाठी सहसा धातूंचे क्षार घातलेले असतात, ते अन्नाच्या भांड्याला नको. अक्रोड तेल लावलेला बोर्ड कुणाला देणार असाल तर ॲलर्जीबद्दल आधी विचारा. आणि हे फार महत्त्वाचं: घट्ट होणाऱ्या या तेलांनी भिजलेली फडकी चुरगळून टाकली तर ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. मिनरल ऑइलच्या फडक्यांना हा धोका नाही.

१२. रोजचा वापर आणि दुरुस्ती

लाकडी बोर्डावर जंतू राहतात म्हणून प्लास्टिकचाच चांगला, असं पुष्कळ जण सांगतील. अन्नातल्या जंतूंचे अभ्यासक डीन क्लिव्हर आणि त्यांच्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी हे तपासलं आणि १९९४ मध्ये निष्कर्ष छापले. लाकडावर सोडलेले जिवाणू पृष्ठभागाखाली ओढले जातात आणि तिथे वाढत नाहीत, बरेचसे मरतात. नवं प्लास्टिक सहज स्वच्छ होतं, पण सुरीचे चरे पडलेल्या प्लास्टिकमधून जिवाणू काढणं कठीण जातं. याचा अर्थ लाकूड धुवायला नको असा नाही. कच्च्या मांसासाठी एक बोर्ड आणि न शिजवता खायच्या गोष्टींसाठी दुसरा, हे पाळाच.

वापरून झालं की गरम पाणी आणि साबणाने लगेच धुवा, आणि धुताना दोन्ही बाजू ओल्या करा. एकच बाजू भिजली तर तेवढीच फुगते आणि बोर्ड वाटीसारखा होतो. पुसून कडेवर उभा करून वाळवा. ओट्यावर आडवा ठेवला तर खालची बाजू तासन् तास ओली राहते. पाण्यात बुडवून ठेवू नका. भांडी धुण्याच्या यंत्रातली वाफ आणि उष्णता एका फेरीत सांधे उघडू शकते. वास राहिला तर जाड मीठ पसरून अर्ध्या लिंबाने चोळा आणि धुवून टाका.

पाण्याचे थेंब वर थांबेनासे झाले, लाकूड फिकट दिसू लागलं, की पुन्हा तेल. सुरुवातीला दर आठवड्याला लागेल, मग महिन्याने.

बोर्ड वाकलाच, तर घाबरू नका. वाटीसारखी खोलगट झालेली बाजू ही कोरडी बाजू असते. ती ओलसर टॉवेलवर पालथी घाला, वर थोडं वजन ठेवा आणि दर काही तासांनी पाहा. सरळ झाला की कडेवर उभा करून दोन्ही बाजूंनी सारखा सुकू द्या आणि मग तेल लावा. चरे खोल झाले तर खरवडणीने आणि पॉलिश पेपरने एक थर काढा, पाणी मारून घासा, पुन्हा तेल पाजा.

१३. उरलेल्या तुकड्यांचं उलथनं

कापताना उरलेली ३० सेंमी लांब आणि ६-७ सेंमी रुंद, गाठ नसलेली चिपाटी असेल तर टाकू नका. रेषा दांड्याच्या लांबीत जाते ना, हे आधी पाहा. आडवी किंवा तिरकी रेषा दांड्यात आली तर उलथनं तिथेच मोडतं. आकार पेन्सिलीने काढा, करवतीने बाहेरचं कापा, मग सुरी आणि कानशीने कोरा. पुढची कड ३ मिमीपर्यंत पातळ करा, दांडा हाताला जाड ठेवा, आणि मध्येच डोळे मिटून हातात धरून पाहा. कुठे बोचतंय ते बोटांना लगेच कळतं. सुरी नेहमी स्वतःपासून दूर चालवा आणि दुसरा हात पात्याच्या मागे ठेवा. पाणी मारणं, घासणं, तेल पाजणं बोर्डासारखंच. फक्त त्याला मेण लावू नका, गरम भांड्यात ते लगेच उतरतं.